तरुण काळजीवाहकांसाठी आधारसेवा उभारताना : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

घरातील आजारी, अपंग, मानसिक आजाराने त्रस्त किंवा व्यसनात अडकलेल्या माणसाची देखभाल कोणत्याही मोबदल्याशिवाय करणाऱ्या साधारण १६ ते २५ वयोगटातील मुलामुलींना या लेखात तरुण काळजीवाहक म्हटले आहे. त्यांच्यासाठीची एक सेवा कोऱ्या कागदापासून उभी राहत असताना मी त्या कामात होतो. सामाजिक संस्था, महाविद्यालयांचे विद्यार्थी कल्याण विभाग, रुग्णालयांतील वैद्यकीय समाजसेवक किंवा स्थानिक प्रशासनातील अधिकारी यांपैकी कोणी हे काम पहिल्यांदाच हाती घेत असेल, तर त्यांचा गोंधळ कमी व्हावा यासाठी हे लिहीत आहे.

या वयोगटासाठी वेगळी सेवा कशाला, हा प्रश्न तुम्हाला हमखास विचारला जाईल. बालकांसाठीच्या सेवा बहुतेक ठिकाणी अठराव्या वर्षी थांबतात, आणि प्रौढ काळजीवाहकांच्या सेवा पन्नाशी-साठीतला, जोडीदाराची किंवा वृद्ध आईवडिलांची शुश्रूषा करणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवून बेतलेल्या असतात. शिक्षण, पहिली नोकरी, घरापासून दूर राहण्याचा निर्णय हे सगळे नेमके या दोहोंच्या मधल्या वर्षांत येते. इंग्लंडमध्ये २०१४ च्या केअर ॲक्टने या संक्रमणाची दखल घेतली असून, अठराव्या वर्षाकडे येणाऱ्या काळजीवाहक मुलाला पुढेही आधाराची गरज भासण्याची शक्यता असेल, तर त्याच्या गरजांचे मूल्यांकन करण्याची जबाबदारी स्थानिक प्रशासनावर टाकली आहे. ऑस्ट्रेलियात तर वयाच्या पंचविशीपर्यंतच्या काळजीवाहकांना तरुण काळजीवाहक मानले जाते.

पुढील सर्व पायऱ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. स्वतःच्या हुकमातला वेळ या मुलांजवळ सर्वांत कमी असतो, आणि सेवा मात्र त्यांच्याकडे सर्वांत आधी तोच मागते. नियमित हजेरीवर उभारलेल्या सेवेत ज्यांच्यावर कमी भार आहे तेच टिकतात आणि ज्यांना खरी निकड आहे ते गळून पडतात.

१. सेवा कोणासाठी, हे आधी लिहून काढा

व्याख्या लिहिताना आजाराचे निदान झालेच पाहिजे अशी अट घालू नका. मानसिक आजार आणि व्यसन यांच्या बाबतीत निदानापर्यंत पोहोचायलाच अनेक वर्षे लागतात आणि त्या काळात मूल तर घर सांभाळतच असते. अपंग भावंडाकडे लक्ष देणारे, आईवडिलांना ऐकू येत नसल्यामुळे किंवा स्थानिक भाषा येत नसल्यामुळे प्रत्येक कार्यालयात त्यांच्या वतीने बोलणारे, आणि शिक्षणासाठी दुसऱ्या गावी राहूनही रोज फोनवरून औषधांची खातरजमा करणारे, हे सर्व या व्याख्येत बसले पाहिजेत.

सर्वसाधारण सापळा आहे तो तासांच्या अटीचा. आर्थिक मदत द्यायची असेल, तर काहीतरी मोजमाप लागते हे मान्य आहे. स्कॉटलंडमध्ये २०१९ साली सुरू झालेल्या यंग केअरर ग्रँटसाठी आठवड्याला सरासरी १६ तास काळजी घेतल्याची अट आहे. परंतु आधारसेवेच्या दारावर अशी अट नको. आईने स्वतःला इजा करून घेऊ नये म्हणून रात्रभर कानोसा घेत पडून राहणाऱ्या मुलीने किती तास काळजी घेतली, असे लिहायचे? तिच्या हातून त्या रात्री दिसण्याजोगे एकही काम झालेले नसते.

२. ऐकून घ्या, पण प्रश्न नीट विचारा

“तुम्ही काळजीवाहक आहात का?” या प्रश्नाला बहुतेक मुले “नाही” असेच उत्तर देतील, कारण ती स्वतःला मुलगा, बहीण किंवा नातू समजतात. त्याऐवजी कामांबद्दल विचारा. घरी कोणाची तब्येत बरी नसल्यामुळे तुम्हाला कोणकोणती कामे करावी लागतात? तुम्ही दोन दिवस घरी नसलात, तर काय अडेल? या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातून भार किती आहे, हे लांबलचक अर्जापेक्षा लवकर कळते.

मोजमापासाठी तयार साधने उपलब्ध आहेत. एमएसीए-वायसी१८ ही अठरा प्रश्नांची प्रश्नावली घरकाम, घराचा कारभार, वैयक्तिक शुश्रूषा, भावनिक आधार, भावंडांची देखभाल आणि आर्थिक-व्यावहारिक कामे अशा सहा भागांत किती काम अंगावर आहे ते दाखवते आणि ० ते ३६ असे गुण देते. तिच्या जोडीची पॅनॉक-वायसी२० ही वीस प्रश्नांची प्रश्नावली काळजी घेण्याचे चांगले आणि वाईट असे दोन्ही परिणाम वेगवेगळे टिपते. ही साधने वापरण्यापूर्वी परवानगीच्या अटी तपासा. अनुवाद केल्यास तो काही तरुणांकडून मोठ्याने वाचून घ्या, म्हणजे कुठे अडखळायला होते ते समजेल. पहिल्याच भेटीत प्रश्नावली पुढे सरकवू नका. आधी बोलणे होऊ द्या, कागद दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत काढा.

मुलाखती कुठे आणि कशा होतात, याकडेही लक्ष असू द्या. एका मुलीने आमच्याशी फोनवरचे सगळे बोलणे घराच्या जिन्यात बसून केले. खोलीचे दार तिने किलकिले ठेवले होते आणि दर थोड्या वेळाने “एक मिनिट” म्हणून ती आत डोकावून येत होती. सेवेची रचना करणाऱ्याला हवी असलेली बरीचशी माहिती त्या “एक मिनिट”मध्येच होती. सलग तासभराची मुलाखत, कार्यशाळा किंवा गटचर्चा ठरवली असती, तर ती मुलगी आम्हाला भेटलीच नसती. म्हणून दहा-दहा मिनिटांचे तुकडे, आवाजी संदेश, रात्री उशिरा लिहून पाठवलेली उत्तरे असे पर्याय सुरुवातीपासूनच ठेवा. रचनेच्या कामात तरुणांना सहभागी करून घेत असाल, तर त्यांच्या वेळेचे मानधन द्या आणि ते घराबाहेर असताना आजारी माणसाजवळ कोण थांबेल, याची व्यवस्थाही तुम्हीच करा.

३. वेळेचा नकाशा काढा

ही पायरी वगळण्याचा मोह होतो, पण माझ्या मते सर्वांत मोलाची पायरी हीच आहे. प्रत्येक सहभागी तरुणाबरोबर बसून त्याच्या सामान्य आठवड्याची आखणी कागदावर काढा आणि त्यात तीन रंग वापरा : ठरलेली कामे, कधीही उद्भवू शकणारी कामे, आणि खरोखर मोकळा वेळ. दुसरा रंग किती पसरला आहे, ते पाहा. मोकळा दिसणारा बराच वेळ प्रत्यक्षात पहाऱ्याचा असतो. तो घरी बसून अभ्यासाला कदाचित वापरता येईल, पण घराबाहेर पडायला वापरता येत नाही.

या नकाशातून फार ठोस निर्णय निघतात. हेमोडायलिसिसचे उदाहरण घ्या. ते सहसा आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी साधारण चार तास चालते आणि अनेक केंद्रांत रुग्णांची विभागणी सोमवार-बुधवार-शुक्रवार किंवा मंगळवार-गुरुवार-शनिवार अशी असते. तुम्ही आधारगटाची बैठक दर मंगळवारी ठेवलीत, तर दुसऱ्या गटातील रुग्णाला घेऊन जाणारा मुलगा त्या बैठकीला कधीच येऊ शकणार नाही. तुमच्या नोंदवहीत मात्र “प्रतिसाद नाही” असा शेरा पडेल. बैठकीचा वार आळीपाळीने बदलणे हा साधा उपाय आहे, परंतु नकाशा काढल्याशिवाय तो सुचत नाही.

स्किझोफ्रेनिया, द्विध्रुवी विकार, अपस्मार किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस अशा चढउतार असलेल्या आजारांत एका आठवड्याचा नकाशा पुरत नाही. तिथे चांगला आठवडा आणि वाईट आठवडा असे दोन नकाशे काढा आणि सेवेची रचना वाईट आठवड्यावरून करा.

४. सेवेत काय असावे, ते ठरवा

सगळे एकदम देता येणार नाही. माझा क्रम पुढीलप्रमाणे असेल.

पहिले स्थान एका ओळखीच्या माणसाला. प्रत्येक तरुणामागे एक ठरलेला कार्यकर्ता असावा, म्हणजे तीच कहाणी दर वेळी नव्या माणसाला सांगावी लागत नाही. या कार्यकर्त्याला महाविद्यालय, रुग्णालय आणि सरकारी कार्यालये यांच्याशी तरुणाच्या वतीने पत्रव्यवहार करण्याचा अधिकार संस्थेने लेखी द्यावा.

दुसरे स्थान पर्यायी काळजीला, म्हणजे तरुण बाहेर असताना आजारी माणसाजवळ थांबणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीला. हा घटक खर्चिक असल्यामुळे अनेक सेवा तो टाळतात आणि त्याऐवजी ताणमुक्तीच्या कार्यशाळा घेतात. घरी आईला एकटे सोडता येत नसेल, तर कार्यशाळेला येणार कोण? निधी थोडा असेल, तर इतर उपक्रम कमी करा, पण परीक्षेचे दिवस, नोकरीची मुलाखत आणि तरुणाचा स्वतःचा डॉक्टरकडचा दिवस, एवढ्यापुरती तरी पर्यायी काळजी ठेवा. येणारी व्यक्ती आधी दोन-तीनदा तरुणासमोरच घरी येऊन गेलेली असावी. अनोळखी माणसाच्या हाती आजाऱ्याला सोपवून परीक्षेला बसलेल्या मुलाचे लक्ष पेपरात राहणार नाही, आणि आजाऱ्यालाही तो परकेपणा सोसवत नाही.

ज्याची काळजी घेतली जाते, त्या माणसाला मिळणाऱ्या सेवा वाढवणे हाही तरुणासाठीचाच आधार आहे, हे तुमच्या सहकाऱ्यांना पुन्हा पुन्हा सांगावे लागेल. अंघोळ घालण्यासाठी रोज सकाळी परिचारक येऊ लागला, की मुलाचा पहिला तास बुडत नाही. मुलाने आईची किंवा मुलीने वडिलांची शरीरशुद्धी करण्याची वेळ येते, तेव्हा दोघांनाही होणारा संकोच कोणी बोलून दाखवत नाही. म्हणून याबाबत कार्यकर्त्यानेच हळुवारपणे, एकट्यात विचारले पाहिजे.

तिसरे म्हणजे आणीबाणीची योजना. एका पानावर आजार, औषधे व त्यांचे प्रमाण, ॲलर्जी, डॉक्टरांचा संपर्क, आजारी माणूस घाबरला तर काय केल्याने शांत होतो, आणि काळजीवाहक अचानक उपलब्ध नसेल तर कोणाला बोलवायचे, ही माहिती असावी. ती घरात दर्शनी जागी आणि तरुणाच्या फोनमध्ये असावी. ज्यांची नावे त्यात आहेत, त्या शेजाऱ्या-नातेवाइकांना ते मान्य आहे का, हे प्रत्यक्ष विचारून घ्या.

शिक्षण आणि नोकरीच्या बाबतीत तुमची खरी मदत नियम समजावून घेण्यात आहे. हजेरीत सवलत, प्रकल्पाला मुदतवाढ, वर्गात फोन चालू ठेवण्याची मुभा यासाठी एकच पत्र पुरेसे व्हावे, प्रत्येक प्राध्यापकाकडे जाऊन घरची परिस्थिती सांगायला लागू नये. मदतीच्या योजना एकमेकींना छेद देतात, तिकडेही बारीक लक्ष ठेवा. इंग्लंड आणि वेल्समधील केअरर्स अलाउन्स हा काळजीवाहकांसाठीचा सरकारी भत्ता आठवड्याला किमान ३५ तास काळजी घेणाऱ्यास मिळतो, परंतु आठवड्याला २१ तास किंवा त्याहून अधिक शिक्षण घेणारा त्यास पात्र ठरत नाही. म्हणजे एखाद्याला पूर्णवेळ अभ्यासक्रमाला प्रवेश मिळवून देण्यात तुम्हाला यश आले, की त्याच महिन्यात त्याच्या घरातले उत्पन्न घटू शकते. तुमच्या भागातील भत्ते, शिष्यवृत्त्या आणि निवृत्तिवेतन यांच्या अटी शेजारी-शेजारी मांडलेला तक्ता सेवा सुरू होण्यापूर्वीच तयार ठेवा.

समवयस्कांचा गट आणि समुपदेशन यांचे महत्त्व मी कमी लेखत नाही. आपल्यासारखे आणखी कोणी आहे, हे कळल्यावर मुलांचे खांदे सैल पडलेले मी पाहिले आहेत. मात्र गट बंद नसावा. तीन महिने न आलेल्या मुलीला चौथ्या महिन्यात सहज येऊन बसता आले पाहिजे आणि तिला कोणी कारण विचारता कामा नये. रुग्णाला सुरक्षितपणे उचलणे, कूस बदलून देणे, औषधांची नोंद ठेवणे यांचे छोटे प्रशिक्षणही याच गटात देता येते. चुकीच्या पद्धतीने उचलल्यामुळे होणारी पाठदुखी विशीतच मागे लागू शकते.

५. तरुणांपर्यंत पोहोचण्याच्या जागा शोधा

भित्तिपत्रके लावून ही मुले फारशी येत नाहीत. ती जिथे आधीच जातात तिथे तुम्ही पोहोचा : रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग, औषधाचे दुकान, महाविद्यालयाचे कार्यालय, मानसोपचार केंद्र. सर्वांत उपयोगी क्षण असतो रुग्णाला घरी सोडण्याचा. त्या वेळी परिचारिकेने दोन प्रश्न विचारावेत, असा करार रुग्णालयाशी करा. घरी गेल्यावर औषधे आणि पथ्यपाणी कोण पाहणार? आणि त्या व्यक्तीचे वय काय? पहिला प्रश्न बहुतेक ठिकाणी विचारला जातो. दुसरा विचारला जात नाही, आणि म्हणून सतरा वर्षांचा मुलगा कागदोपत्री केवळ “नातेवाईक” म्हणून उरतो.

प्रवेश अर्जात एक वैकल्पिक प्रश्न घालण्याची विनंती शिक्षणसंस्थांना करा. ब्रिटनमधील उच्चशिक्षणाच्या प्रवेशाचे काम पाहणाऱ्या यूकासच्या अर्जातही काळजीची जबाबदारी असल्यास ती नोंदवण्याची सोय आहे. पण प्रश्नाखाली त्या माहितीचे पुढे काय होणार आणि ती कोण पाहणार, हे लिहिलेले असले पाहिजे. माहिती घ्यायची आणि पुढे काहीच करायचे नाही, यापेक्षा न विचारलेले बरे.

६. विश्वास, संमती आणि गोपनीयता

आपण बोललो, तर घर मोडेल, धाकट्या भावंडांना घेऊन जातील, आईला नाइलाजाने कुठेतरी ठेवतील, ही भीती खोल असते. म्हणून पहिल्याच भेटीत, तरुणाने काही सांगण्यापूर्वी, तुम्ही कोणती माहिती गुप्त ठेवाल आणि जीवाला धोका असल्यास किंवा लहान मुलाचा छळ होत असल्यास कोणाला कळवावे लागेल, हे सोप्या शब्दांत सांगा. १६-१७ वर्षांच्या मुलांच्या संमतीचे नियम अठरा पूर्ण झालेल्यांपेक्षा वेगळे असू शकतात. ते तुमच्या भागातील कायद्याच्या जाणकाराकडून लेखी घ्या.

तरुणाची फाइल आणि आजारी माणसाची माहिती वेगळी ठेवा. आईच्या निदानाचा तपशील तिचा आहे; तो नोंदवण्यापूर्वी तिची संमती शक्य तिथे घ्या. संपर्काची पद्धतही तरुणालाच ठरवू द्या. अनेक घरांत फोन सामायिक असतो, त्यामुळे कोणत्या क्रमांकावर, कोणत्या वेळी आणि संस्थेचे नाव दिसेल की नाही, हे विचारल्याशिवाय एकही संदेश पाठवू नका.

७. छोटी सुरुवात करा, पण कागद तयार ठेवा

पहिला टप्पा मोजक्या तरुणांसह आणि एकाच भागात करा. सुरुवातीपूर्वी पुढील कागदपत्रे व साधने हाताशी असावीत :

- पात्रतेची व्याख्या, एका परिच्छेदात, तरुणांना वाचून समजेल अशी
- संमतिपत्र (अठरापेक्षा लहान व मोठ्या वयासाठी वेगवेगळे) आणि गोपनीयतेचे निवेदन
- सुरक्षाविषयक धोरण व धोका आढळल्यास कोणाला कळवायचे याचा क्रम
- पहिल्या भेटीचा मार्गदर्शक, वेळेच्या नकाशाचा कोरा तक्ता आणि आणीबाणीच्या योजनेचे पान
- शिक्षणसंस्था व मालकांना द्यायच्या पत्राचा मसुदा, ज्यात आजाराचे नाव न घालताही काम भागेल
- भत्ते व शिष्यवृत्त्यांच्या अटींचा तक्ता
- रुग्णालय, महाविद्यालय व परिचारक पुरवणारी संस्था यांच्याशी झालेले लेखी करार
- कार्यकर्त्यांच्या पार्श्वभूमीची तपासणी आणि त्यांच्या स्वतःच्या मानसिक आधाराची व्यवस्था

शेवटची बाब औपचारिकता म्हणून घेऊ नका. या कामाकडे वळणाऱ्यांपैकी काही जण स्वतः कधीतरी काळजीवाहक असतात आणि समोरच्याची कहाणी त्यांना आतून हलवते. अनुभवी व्यक्तीबरोबर नियमित बोलण्याची सोय नसेल, तर चांगली माणसे टिकत नाहीत, आणि कार्यकर्ता बदलला, की वर सांगितलेला “एक ओळखीचा माणूस”ही हरवतो.

८. मोजमाप हजेरीवरून करू नका

निधी देणारे उपस्थितीचे आकडे मागतील. ते द्या, पण त्यांच्यासोबत वेगळे प्रश्नही ठेवा. सलग झोप मिळालेल्या रात्री वाढल्या का? काळजीच्या कारणाने बुडालेल्या परीक्षा किंवा नोकरीतल्या कामाच्या पाळ्या कमी झाल्या का? अडचण आल्यास फोन करता येईल असा माणूस आहे का? आणीबाणीची योजना कधी वापरावी लागली आणि ती चालली का? पॅनॉकसारख्या साधनातील चांगले आणि वाईट परिणाम एकत्र करून एकच आकडा काढू नका; आपल्या कामाचा अभिमान आणि त्यापायी येणारा थकवा एकाच मुलात एकाच वेळी असतात.

एखादा तरुण काही काळ दिसेनासा झाला, तर त्याचे नाव कमी करू नका. “तुमची जागा आहे, उत्तर देण्याची घाई नाही” एवढाच संदेश ठरावीक अंतराने जात राहू द्या.

९. सेवा कधी आणि कशी थांबेल, ते आधीच ठरवा

ज्याची काळजी घेतली जात होती, त्या माणसाचा मृत्यू झाला किंवा तो कायमस्वरूपी निवासी केंद्रात गेला, की अनेक सेवांच्या नियमांनुसार तरुणाची पात्रता त्याच दिवशी संपते. हा नियम तुमच्याकडे नसावा. त्या काळात शोक तर असतोच, शिवाय काळजीशी जोडलेला भत्ता थांबतो, दिवसाची घडी विस्कटते, आणि मागे राहिलेले शिक्षण पुन्हा सुरू करायचे की नोकरी शोधायची, हा प्रश्न समोर येतो. त्यानंतरही किमान एक वर्ष सेवा चालू राहील, असे पात्रतेच्या व्याख्येतच लिहा, म्हणजे कार्यकर्त्याला प्रत्येक वेळी वरून परवानगी मागावी लागणार नाही. वयाची मर्यादा गाठणाऱ्यांसाठी सहा महिने आधीपासून प्रौढ सेवेतील कार्यकर्त्याबरोबर एकत्र भेटी ठेवा. आणीबाणीची योजना आणि शिक्षणसंस्थेचे पत्र नव्या कार्यकर्त्याच्या नावाने बदलून झाल्यावरच जुनी फाइल बंद करा.